गिअर बॉक्समधून ऑईल गळतंय? खोलण्याआधी एवढं बघा

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की 'सील गेलं असेल' असं कोणीही सांगतं, आणि बऱ्याचदा ते खरंही निघतं. पण मॅन्युअल गिअर बॉक्सला तेल बाहेर यायला आठ-दहा वाटा असतात. सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची रबरी कडी, त्यातल्या तीन-चारच. बाकी ड्रेन नटचा वॉशर, रिव्हर्स लाइटचा स्विच, स्पीडोमीटर केबलची ओ-रिंग, दोन केसिंगमधला सांधा आणि तुंबलेला ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी टोपी). नवीन सील बसवूनही महिन्या-दोन महिन्यांत तोच डाग पुन्हा पडला, तर बहुतेकदा सील वाईट निघालेलं नसतं, आधीचा शोध अर्धवट झालेला असतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधीचं कामच इथे जास्त सांगितलं आहे.

आधी ठरवा, हे गिअर ऑईलच आहे का

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत पुठ्ठा अंथरा. खोक्याचा साधा पुठ्ठा चालतो. सकाळी डाग नेमका कशाखाली पडलाय ते दिसेल. मग बोटावर घेऊन बघा.

गिअर ऑईल घट्टसर असतं, नवीन असताना मधासारखं, जुनं झालं की तपकिरी. खरी ओळख वासाची. त्यात गंधकाचं ॲडिटिव्ह असतं, त्यामुळे उग्र, नाकात बसणारा वास येतो आणि हात धुतला तरी लवकर जात नाही. इंजिन ऑईल त्यापेक्षा पातळ लागतं, डिझेल गाडीत तर काळंकुट्ट असतं, आणि वास जळकट. पाण्यासारखं पातळ आणि जवळजवळ रंगहीन काही असेल तर क्लचच्या हायड्रॉलिकचा संशय घ्या. वाटीभर पाण्यात थेंब टाका: ब्रेक-क्लच फ्लुइड पाण्यात मिसळून जातं, ऑईल वर तरंगतं. हे फ्लुइड रंग खातं, बॉडीवर लागलं तर लगेच पाण्याने धुवा.

स्विफ्ट, वॅगन-आर, टियागो अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत आणखी एक फसगत होते. ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटला की आतलं काळं ग्रीस फिरत्या शाफ्टवरून उडतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला, केसिंगवर शिंतोडे बसतात. ते ग्रीस आहे, थेंब होऊन ओघळत नाही. तिथे सील बदलून काही होणार नाही, बूट बदलायचा.

धुवा, पावडर मारा, फिरवा, बघा

चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो. इंजिनाच्या मागच्या सीलमधून आलेलं तेल गिअर बॉक्सच्या पोटावरून वाहत शेपटीच्या टोकाला थेंब होऊन पडतं, आणि आपण शेपटीचं सील बदलत बसतो. आपल्या सांगलीच्या ऊसपट्ट्यात तर गाडीच्या पोटावर चिखल आणि तेलाचा बोटभर थर असतो, त्यात मूळ जागा दिसणं अशक्य.

तेव्हा डिझेल किंवा रॉकेलमध्ये ब्रश बुडवून पूर्ण केसिंग घासून काढा. ब्रीदर, स्विच, सीलची तोंडं यांवर प्रेशरचं पाणी मारू नका, पाणी आत जातं. चिंध्यांनी कोरडं करा, हवा मारा, आणि मग सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर फुंका. अंगाला लावायची साधी पावडर पुरते. पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, जमलं तर थोडा चढ घ्या, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होईल. परत येऊन टॉर्चने बघा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ दिसते, ती खालून वर पाहत जायची. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका म्हणजे गळतीची जागा. थेंब जिथे पडतो ती जागा नव्हे.

गाडीखाली जाताना कायम स्टँड वापरायचा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. विटांवर तर मुळीच नाही, वीट न सांगता फुटते. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडवणारा ठोकळा) लावा, आणि हँडब्रेकवर विसंबू नका. मागची चाकं उचलली की तो कामाचा राहत नाही.

किती घाई आहे?

साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. रोज रात्री दहा थेंब पडत असतील तर वर्षाला 180 मिलिलिटरच्या आसपास तेल जातं. छोट्या कारच्या बॉक्समध्ये बहुधा दोन लिटरच्या आगेमागे तेल असतं, म्हणजे दहावा हिस्साही नाही. पण गाडी चालताना गळती उभ्या गाडीपेक्षा जास्त असते, त्यामुळे थेंबांवर भरवसा न ठेवता लेव्हल बघायची. केसिंग नुसतं ओलसर आणि धूळ चिकटलेलं असेल, थेंब पडत नसेल, तर लक्ष ठेवा, खोलायची घाई नको. थेंब पडतोय पण लेव्हल बरोबर आहे, तर सवडीने काम काढा. लेव्हल खाली गेली असेल किंवा गिअरमध्ये गुणगुण ऐकू येत असेल तर गाडी उभी करा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत पाचवा गिअर केसिंगच्या टोकाच्या झाकणात असतो. तेल कमी पडलं की आधी तो उपाशी राहतो, म्हणून हायवेला पाचव्यातच आवाज येणं ही वेळीच ओळखायची खूण.

बेल हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्समधल्या क्लचच्या घराच्या, खालून गळत असेल तर तेलाच्या लेव्हलपेक्षा क्लच महत्त्वाचा. प्लेटला तेल लागलं की क्लच घसरतो किंवा गाडी सुटताना थरथरते. पसरणी किंवा कुंभार्ली घाटात अर्ध्या चढावर ते कळण्यात अर्थ नाही.

लेव्हल आणि ब्रीदर, फुकटातल्या दोन गोष्टी

लेव्हल बघताना गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. एकच बाजू उचलून बघितलेली लेव्हल खोटी. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, केसिंगच्या बाजूचा लेव्हल नट काढा आणि करंगळी घाला. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागत असेल तर बरोबर. नट सैल करताच भळाभळा आलं तर कोणीतरी जादा भरलंय. जादा तेल घुसळून फेस होतं, तापतं आणि सीलमधून वाट काढतं. अशा वेळी जास्तीचं तेल वाहून जाऊ देणं हीच दुरुस्ती. काही गाड्यांना लेव्हल नट नसतोच, तिथे सगळं काढून मोजून भरावं लागतं.

ब्रीदर म्हणजे केसिंगच्या वरच्या बाजूला असलेली छोटी टोपी किंवा रबरी नळी. तेल तापलं की आतली हवा फुगते, ती इथून बाहेर पडते. शेतातली माती, फवारणीचा राप, गाळ यांनी ती बुजली की आत दाब तयार होतो आणि सर्वांत कमजोर सील आधी पाझरायला लागतं. दोन-तीन सीलं एकाच वेळी ओली दिसली की ब्रीदरवर पहिला संशय घ्या. टोपी बोटाने फिरते, हलते का बघा, काढून रॉकेलमध्ये धुवा, नळी असेल तर फुंकून बघा. पुढे कोणतंही सील बदललं तरी हे काम आधी झालेलं हवं, नाहीतर नवीन सीलची तीच गत.

नट, वॉशर, स्विच

ड्रेन नटच्या खालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. नवीन टाका. तांब्याचा असेल आणि दुकान लांब असेल तर गॅसवर लाल करून थंड केला की मऊ होतो आणि एखाद्या वेळी चालतो. गळतंय म्हणून नट लांब पान्याने पिळत राहणं ही नेहमीची चूक. केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, आटे जातात, आणि वीस रुपयांच्या कामाचं लेथवाल्याकडचं काम होतं. अनेक छोट्या कारला 25 ते 40 न्यूटन-मीटर ताण पुरतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) किंवा मोठ्या आट्यांचा बुश बसवून घ्या. कुपवाड-मिरज एमआयडीसीच्या परिसरात हे करणारे लेथवाले सापडतात. जुन्याच आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा वेढे हा उपाय नव्हे. टेप फक्त निमुळत्या आट्यांच्या नटला.

रिव्हर्स लाइटचा स्विच दोन ठिकाणी गळतो. आट्यांतून गळत असेल तर वॉशर बदला. वायरच्या प्लगमध्येच तेल दिसत असेल तर स्विच आतून गेलाय, नवीन घ्या. केबलवर चालणाऱ्या जुन्या स्पीडोमीटरच्या गाडीत त्या गिअरची ओ-रिंग कडक होते. तेल कधीकधी केबलमधून वर चढून मीटरपर्यंत पोहोचतं. ओ-रिंग किरकोळ किमतीची आहे, आणि तीच सापडली तर नशीब समजा.

मागचं सील: बोलेरो, छोटा हत्ती, ओम्नी

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत सर्वांत जास्त गळती शेपटीच्या सीलमधून होते, कारण तिथेच जॉइंट म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडलेला असतो आणि त्याचे सगळे हिसके सीलला बसतात. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. गळीत हंगामात उसाचं पाचट आणि तासगाव भागात द्राक्षबागेतली नायलॉनची सुतळी फिरत्या जॉइंटला गुंडाळली जाते, सरकत सीलपर्यंत जाते आणि सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबरी कड, कापते. खाली वाकलात की आधी हे बघा आणि कापून काढा.

सील बदलायचा क्रम असा:

1. जॉइंट आणि फ्लँज दोन्हीवर खडूने किंवा पंचने खूण करा. उलटा बसला तर गाडीत थरथर येते.
2. बोल्ट काढून जॉइंट उतरवा. काही गाड्यांत जॉइंटचं तोंड सरळ गिअर बॉक्सच्या शेपटीत घुसलेलं असतं. तो बाहेर ओढला की तेलही येतं, तेव्हा ट्रे तयार ठेवा. तोंड लगेच प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरने बंद करा.
3. सील काढण्याआधी हाताने शाफ्ट वर-खाली हलवा. खटखट जाणवेल एवढा ढिलेपणा असेल तर बेअरिंग किंवा बुश झिजलाय. नुसतं सील बदलून ते महिनाभरही टिकणार नाही.
4. सील चपट्या स्क्रू ड्रायव्हरने किंवा सील पुलरने उचला. टोक घराच्या भिंतीवर ओरखडा पाडू नये आणि शाफ्टला लागू नये.
5. जुन्या सीलवरचा आकडा वाचा. उदाहरणार्थ 35×52×8 म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. दुकानात गाडीचं नाव आणि हा आकडा दोन्ही सांगा.
6. शाफ्टवर जिथे सीलचा ओठ घासतो तिथे नख फिरवा.

सहावी पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि काम परत येतं ते तिच्यामुळेच. वर्षानुवर्षं रबर आणि धूळ घासून शाफ्टवर गोल चर पडतो. नख अडकलं तर नवीन सील त्याच चरात बसून पाझरेल. चर हलका असेल तर सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठाला नवी जागा देता येते, मात्र तेलाचं भोक बंद होत नाही ना ते बघा. चर खोल असेल तर शाफ्टवर पातळ रिपेअर स्लीव्ह चढवतात, जाडी साधारण पाव मिलिमीटर, त्यामुळे सीलचा आकार तोच राहतो. पॉलिश पेपरने चर घालवण्याचा प्रयत्न करू नका. गंज किंवा बारीक खरखर काढण्यापुरता तो ठीक.

नवीन सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे आत. ओठाला गिअर ऑईल लावा, दोन ओठ असतील तर मधल्या खाचेत थोडं ग्रीस भरा. कोरडं सील पहिल्या काही फेऱ्यांतच जळतं. बसवताना सीलच्या बाहेरच्या कडेएवढी मोठी गोटी (सॉकेट) किंवा सरळ कापलेला पीव्हीसी पाइप ठेवा आणि हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके द्या. एका बाजूने ठोकलं की सील तिरकं जातं, पत्रा वाकतो, स्प्रिंग उडते. उडालेली स्प्रिंग बाहेरून दिसत नाही. सील घराच्या तोंडाशी सपाट आलं की थांबा.

पुढची चाकं चालवणारी गाडी

इथे ड्राइव्ह शाफ्टची डावी-उजवी सीलं गळतात. शाफ्ट बाहेर ओढला की तेल भोकातून येणारच, म्हणून आधी ड्रेन करा. केसिंग आणि ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या टोकाचा जॉइंट यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून एक हिसका दिला की आतली सर्कलिप (अडकवणारी कडी) सुटते. बूट धरून ओढू नका, जॉइंट आतून निखळतो. डावं आणि उजवं सील बरेचदा वेगळं असतं, काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो. अदलाबदल झाली तर ते तेल आत ढकलण्याऐवजी बाहेर पंप करतं.

शाफ्ट परत घालताना खालून हाताचा आधार द्या. लोंबकळत्या शाफ्टची काटेरी धार नव्या सीलचा ओठ चिरते. 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबा, मग हलकेच ओढून अडकलाय का बघा.

बेल हाऊसिंगमधून येत असेल तर

आता गिअर बॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही. तेल गंधकाच्या वासाचं असेल तर इनपुट शाफ्टचं सील, काळं जळकट असेल तर इंजिनाच्या क्रँकचं मागचं सील. खरं तर दोन्ही बदला. मजुरी गिअर बॉक्स उतरवण्याची असते, सीलची नव्हे. त्याच फेरीत रिलीज बेअरिंग बदला आणि तेल लागलेली क्लच प्लेटही. प्लेट पेट्रोलने धुऊन वापरणारे भेटतील, पण अस्तरात मुरलेलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतं.

हे काम नवशिक्याने एकट्याने करू नये. बॉक्स 30 किलोच्या पुढे असतो, आणि तो निम्मा आत असताना इनपुट शाफ्टवर लोंबकळला की क्लच प्लेट वाकते. इनपुट शाफ्टच्या दातांवर सेलोटेप गुंडाळून सील सरकवा, नाहीतर ते तिथेच कापलं जातं.

केसिंगचा सांधा आणि तडा

सांध्यातून पाझर असेल तर आधी बोल्ट सैल झालेत का बघा. सैल नसतील तर सांधा उघडून जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, पात्याने खरवडू नका. जिथे कारखान्यातून कागदी गॅस्केट असेल तिथे गॅस्केटच वापरा. सिलिकॉन असेल तिथे सुमारे तीन मिलिमीटरची एकच अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं की आतून लोळे सुटतात आणि तेलाच्या वाटेत अडकतात. दहा मिनिटांच्या आत झाकण बसवा, तेल मात्र दुसऱ्या दिवशी भरा.

शेताच्या वाटेवरच्या दगडाने केसिंगला तडा गेला असेल तर एम-सील हा घरी पोहोचण्यापुरता उपाय आहे, तोही जागा पूर्ण कोरडी आणि तेलविरहित केली तरच. पक्कं काम आर्गॉन वेल्डिंगचं, आणि ते केसिंग रिकामं करून.

पुराचं पाणी

2005, 2019 आणि 2021 साली सांगलीत कृष्णेच्या पाण्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीत गळती उलटी होते: थंड पाण्यात केसिंगमधली गरम हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी आहे. इंजिन चालू करून बघूया म्हणू नका. ड्रेन करा, योग्य ग्रेडचं स्वस्त तेल भरा, चाकं उचलून चार-पाच मिनिटं हळू फिरवा, पुन्हा ड्रेन करा. दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत हेच. डिझेलने धुण्याची पद्धत आहे, पण आत उरलेलं डिझेल नव्या तेलाला पातळ करतं.

तेल भरताना

ड्रेन नट उघडण्याआधी वरचा भरायचा नट सैल होतोय याची खात्री करा. उलट केलं आणि वरचा नट गंजून अडकला असेल, तर बॉक्स रिकामा आणि गाडी जागेवर. तेल थोडं गरम असताना काढा. नटला लोहचुंबक असेल तर त्यावर करडं मऊ पीठ दिसणं नेहमीचं. चकाकते तुकडे किंवा दाताचा कण दिसला तर गळती हा लहान प्रश्न आहे, बॉक्स उघडावा लागेल.

ग्रेड पुस्तिकेतलाच. जीएल-4 (गिअर ऑईलचा दर्जा) सांगितलं असेल तर जीएल-5 'जास्त भारी' म्हणून टाकू नका. त्यातलं जादा ॲडिटिव्ह जुन्या बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाही, आणि गिअर पडताना खरखर येते. गळती थांबावी म्हणून 75डब्ल्यू-80 ऐवजी 140 नंबरचं घट्ट तेल भरणं त्याहून वाईट. सकाळी गाडी थंड असताना गिअर पडत नाही, आणि गळती थांबतही नाही. गळती थांबवणारी बाटलीतली औषधं रबर फुगवतात, काही आठवडे निभतं, पण कापलेल्या ओठाला किंवा चर पडलेल्या शाफ्टला त्यांचा उपयोग नाही. जुनं तेल पाटात, विहिरीजवळ, गटारात ओतू नका. डब्यात भरून जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

तेल संपलेली मागच्या चाकांची गाडी टोचन करून आणायची असेल तर जॉइंट सोडून आणा. इंजिन बंद असताना न्यूट्रलमध्ये मागची चाकं मुख्य शाफ्ट फिरवत राहतात, पण तेल उडवणारा खालचा शाफ्ट थांबलेला असतो, आणि बेअरिंगं कोरडीच फिरतात.

काम झाल्यावर केसिंग पुन्हा कोरडं पुसा आणि पावडर मारून ठेवा. पन्नास किलोमीटरनंतर एकदा खाली वाका, पाचशेनंतर लेव्हल नट उघडून करंगळी घाला. पावडर पांढरीच असेल आणि तेल काठाला लागत असेल, तर पुठ्ठा आता रद्दीत टाकायला हरकत नाही.